पप्पांचं बोलणं संपेपर्यंत

मनालीचे वडील धम्मपाल सर निफाडच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होते. निवृत्तीनंतर घर नाशिकला हललं, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं मात्र पूर्ववत झालं नाही. शब्द मनात असायचा, ओठांवर यायला कधी मिनिटभरही लागायचं.

मनाली नाशिकमध्ये माहितीपटाचा सहा महिन्यांचा कोर्स करत होती. शेवटी प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म द्यायची होती, आणि शिकवणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्यात तुमची स्वतःची शैली दिसली पाहिजे. तिने वडिलांवर फिल्म करायचं ठरवलं. शैली म्हणजे काय हे तिला नीटसं कळलं नव्हतं, म्हणून आवडलेल्या फिल्ममधलं थोडंथोडं घेतलं. ड्रोनवरून द्राक्षबागा, मागे बासरी, रिकाम्या वर्गातलं ऊन. वडील अडखळले तिथे तिने कात्री लावली आणि उरलेलं वाक्य स्वतःच्या आवाजात पुरं केलं.

रविवारी सकाळी तिने फिल्म घरी लॅपटॉपवर दाखवली. आई डोळे पुसत होती. वडिलांनी शेवटपर्यंत पाहिली, मग हात वर केला.

"मी..." बराच वेळ गेला. "बोलत... होतो."

दुपारी मनालीने मूळ चित्रीकरण पहिल्यापासून लावलं. शाळेतलं काय आठवतं, असं तिने विचारलं होतं आणि ते शब्द शोधत होते. सव्वा मिनिटाने कंटाळून तिने पुढचा प्रश्न विचारला, आणि नेमकं तिच्याच आवाजाखाली ते काहीतरी म्हणाले होते. तीनदा ऐकल्यावर कळलं. सोमनाथ.

आईने सांगितलं, सोमनाथ सातवीतला मुलगा होता, साप चावून गेला. हजेरीतलं त्याचं नाव सरांनाच कमी करावं लागलं. त्यानंतर घरी त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नव्हता.

पुढच्या रविवारी मनालीने कॅमेरा वडिलांच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला लावला, सोमनाथबद्दल विचारलं आणि समोर बसून राहिली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली कुणीतरी स्कूटर चालू केली. कधी कधी वडिलांना हवा असलेला शब्द तिला आधीच कळायचा. तिने तो तोंडातून निघू दिला नाही.

"कविता... पाठ नव्हती," ते म्हणाले. "आदल्या दिवशी. मी त्याला... बाहेर... उभं केलं."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. तरीही तिने कॅमेरा बंद केला नाही.

सगळं मिळून बावीस मिनिटं झाली. तिने एकही सेकंद कापला नाही, संगीत लावलं नाही. कोर्सच्या नियमात ती फिल्म बसली नाही, त्यामुळे तिथे दाखवली गेली नाही. मग कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी तिने ती लावली. काहीजण मधूनच उठून गेले. तीसेक माणसं बसून राहिली. वडील पहिल्या रांगेत होते.

फिल्म संपली. निफाडहून आलेले त्यांचे जुने सहकारी गोरक्ष सर पुढे येऊन शेजारी बसले.

"एवढी वर्षं हे मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

वडील उत्तर शोधू लागले. गोरक्ष सर थांबले. मनाली थोड्या अंतरावर उभी राहिली, आणि तिला वाटलं, आता यापुढे आपण फिल्म करू त्या अशाच करू.