हातसोड्या

काचेच्या वखारीत नव्या गड्याला पहिल्याच दिवशी बजावतात: काच निसटली की धरायची नाही, हात सोडून मागे सरायचं. काच दुसरी येते, बोटं येत नाहीत.

गेल्या वर्षी तिथल्या एका गड्याने नेमकं तेच केलं होतं. जिन्यात मुकादमाचा पाय घसरला, काच कलली, याने हात सोडला. काच फुटून मुकादमाच्या पोटरीत तुकडा घुसला. मुकादम बोलका, चहाच्या वेळी सगळ्यांना हसवणारा. त्याने हसत हसतच याचं नाव 'हातसोड्या' ठेवलं. नियम सगळ्यांना पाठ होता, पण नाव जास्त गोड लागलं. हा पडला घुमा; पाय कुणाचा घसरला हे त्याने सांगितलंच नाही. बोलणाऱ्याची माती खपते, ती अशी.

तेव्हापासून त्याच्याबरोबर काच उचलायला कुणी तयार होईना. त्याच्या वाट्याला खोक्यांत भुसा भरणं आलं.

"अहो, एकदा तोंड उघडून सांगा की," बायको म्हणायची.

"सांगून काय होतंय? दिसलं पाहिजे."

मग एका सकाळी एक गडी कमी पडला. एका दुकानाची दर्शनी काच पोचवायची होती, पुरुषभर उंचीची.

"ये रे हातसोड्या," मुकादम म्हणाला. "आज तरी धर."

सगळे हसले. तोही हसला. वर्षभर तो याच हाकेची वाट बघत होता.

दारात पुढचा गडी उंबऱ्याला अडखळला. काच झुकली.

"सोडा," मुकादमच ओरडला.

तिघांनी सोडली. याने नाही सोडली. त्याला सगळं कळत होतं, तरी त्याने ती छातीशी कवटाळली.

दवाखान्यात सगळे आले. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. मुकादमाचे डोळे भरून आले. "चुकलो रे मी. तुला ओळखलंच नाही." वेदनेतही त्याला आनंद झाला, अगदी लहान मुलासारखा.

"मग भावजी," बायकोने विचारलं, "हात बरे झाले की यांना टोळीत घ्याल ना?"

मुकादम जरा घुटमळला.

"घेतलं असतं हो वहिनी. पण सोड म्हटल्यावर जो सोडत नाही, त्याच्याबरोबर काच उचलायला गडी घाबरतात."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्याच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं. ते आवरायला त्याला थोडा वेळ लागला.