पाहुण्याची गाडी पुढे

देवासच्या माधवीला नोकरी लागली होती. फक्त चार चाकं कमी पडत होती.

माधवी जनावरांची डॉक्टर. सोनकच्छच्या एका दूध संघाने तिला गावोगाव हिंडून गाई-म्हशी तपासायच्या कामावर निवडलं होतं. पत्रात साफ लिहिलं होतं की सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत चारचाकी कार्यालयाच्या दारात आणून दाखवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू. पत्र येऊन महिना झाला होता. गाडी आली नव्हती, कारण घरात गाड्यांचे शौकीन होते. ज्या घरात गाड्यांतलं कोणाला काही कळत नाही, तिथे गाडी एका दुपारी येते आणि संध्याकाळी तिला लिंबू-मिरची बांधून होते.

माधवीचे वडील भैयासाहेब, तिचे आबासाहेब, परदेशी गाड्यांचे. मामा, धारचे हंबीरराव, देशी गाड्यांचे. दोघांच्याही पणजोबांनी आपापल्या दरबाराच्या पागेतले घोडे सांभाळले होते. घोडे गेले, पागा गेल्या, मतं तेवढी वारशात आली.

"दाजीसाहेब, ती तुमची जपानहून बोटीतून आलेली गाडी," हंबीरराव फोनवर म्हणायचे, "तिचा एक नट हवा असला तर पासपोर्ट काढावा लागतो."

"आणि तुमचा नट दर आठवड्याला आपोआप गळून पडतो, हंबीरराव. सोयच आहे म्हणायची."

महिनाभर हेच चाललं. इलेक्ट्रिक घ्यावी तर सोनकच्छच्या पलीकडे लाइट गेल्यावर गाडीला बैल जोडायचे का? सीएनजी घ्यावी तर डिकीत सिलिंडर, मग औषधांची पेटी म्हशीच्या डोक्यावर ठेवायची का? मधे एकदा भैयासाहेबांची गाडी जॅकवर चढली तेव्हा तिच्या सायलेन्सरवर धारशेजारच्या पीथमपूरचा शिक्का निघाला, आणि हंबीररावांच्या अस्सल देशी गाडीचं मॅन्युअल हिंदी सोडून सात भाषांत होतं. हे दोन्ही पुरावे दोघांनी मिळून दुर्लक्षित केले. एवढं एकमत त्यांच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

शेवटी रविवारी हंबीरराव देवासला आले आणि जेवताना पैज ठरली. सोमवारी सकाळी देवासला दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, धारला पोचून पुन्हा भरायच्या. जिचा अ‍ॅव्हरेज जास्त, ती गाडी त्याच दुपारी माधवीची. तिने ती घेऊन थेट सोनकच्छ गाठायचं.

माधवीने मनात हिशेब केला. देवास ते धार शंभर किलोमीटर. सातला निघालो तर साडेनऊला धार. खूप वेळ होता. हा हिशेब करताना ती एक गोष्ट विसरली. आपण कोणाच्या घरच्या आहोत ते.

सकाळी दोघेही वजन कमी करून आले. भैयासाहेबांनी स्टेपनी, जॅक, पायपुसणी आणि रात्रीचं जेवण काढून ठेवलं होतं. हंबीररावांनीही स्टेपनी काढली होती, वर पहाटे उठून केस कापून घेतले होते. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून हवा शिरली की गाडी ओढते. महिना मे होता.

"आई, तू कोणाच्या गाडीत बसतेस?" माधवीने विचारलं.

लतिकाबाईंनी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला. "एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. मी घरीच बसते. माझा अ‍ॅव्हरेज सगळ्यात चांगला आहे."

माधवी पंच. तिने अर्धा रस्ता वडिलांकडे आणि अर्धा मामांकडे बसायचं ठरलं.

पंपावरून दोन्ही गाड्या निघाल्या. निघाल्या म्हणजे निघणार होत्या. भैयासाहेबांनी हात जोडले. "आपण पुढे व्हा."

रिवाज जुना होता. दोन घरांच्या स्वाऱ्या एकत्र निघाल्या की ज्याचा मुलूख त्याची स्वारी मागे, पाहुण्याची पुढे. मुलूख बदलला की सीमेवर उतरायचं, मुजरा करायचा, गळाभेट घ्यायची, क्षेमकुशल विचारायचं आणि जागा बदलायच्या. हत्ती-घोड्यांच्या काळात हे ठीक होतं. हत्ती उभा राहिला तर पेट्रोल खात नाही.

देवासात हंबीरराव पुढे झाले आणि अ‍ॅव्हरेजसाठी पस्तिसाच्या वेगाने चालले. मागे भैयासाहेबांना ओव्हरटेक करणं शक्यच नव्हतं. पाहुण्याला मागे टाकणं म्हणजे जेवताना त्याच्या पुढचं ताट ओढून घेणं. एक सायकलवाला दोघांना मागे टाकून गेला. तो कोणाचा पाहुणा नव्हता.

क्षिप्रेच्या पुलाशी देवासची हद्द संपली. दोघे उतरले. मुजरा झाला, गळाभेट झाली.

"प्रकृती कशी आहे, दाजीसाहेब?"

"बरी आहे. आपली?"

"काल रात्री एकाच घरात होतो की आपण," माधवी खिडकीतून म्हणाली.

"तरी विचारावं लागतं, बेटा," हंबीरराव म्हणाले.

"मग निदान इंजिन तरी बंद करा, आबासाहेब!"

भैयासाहेब दचकले. "पाहुण्यासमोर? इंजिन बंद करणं म्हणजे 'आता तुम्ही निघा' असं सांगणं झालं."

दोन्ही इंजिनं घुरघुरत राहिली आणि क्षेमकुशल चालू राहिलं. नात्यातली माणसं पुष्कळ होती. धरमपुरीच्या मावशींच्या गुडघ्यापर्यंत येता येता अर्धा तास झाला.

पुढे खरी अडचण होती. पुढे इंदूर. इंदूर ना ह्यांचं, ना त्यांचं. तिथे यजमान कोणीच नाही, म्हणून मागे कोणी राहायचं ते ठरेना. पाहुणे दोघेही, म्हणून पुढे कोणी जायचं तेही ठरेना. पूर्वजांनी ह्यावर काही सांगून ठेवलं नव्हतं. बहुधा पूर्वज इंदूरला एकत्र गेलेच नव्हते. शेवटी दोघांनी शास्त्र स्वतःच बनवलं, की शेजारी-शेजारी चालायचं, दोन्ही बंपर एका रेषेत ठेवून.

म्हणून इंदूरच्या बायपासवर दोन गाड्या, एक बोटीतून आलेली आणि एक न आलेली, चाळिसाच्या वेगाने हातात हात घातल्यासारख्या चालल्या, आणि मागे ट्रकांची रांग लागली. भोंगे वाजले. एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. "ओ भिया! चलाओगे, के रस्सी बाँधूँ?"

भैयासाहेबांनी अ‍ॅव्हरेजचा धोका पत्करून काच चार बोटं खाली केली. "भिया, मान का मामला है."

ट्रकवाला गप्प झाला. माळव्यातला माणूस, त्याला तेवढं पुरलं. त्याने मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला, आणि भोंगे थांबले. पण ते थांबल्यामुळे घोटाळा वाढला. एवढी रांग आणि एवढी शांतता पाहून एका ढाब्यावरच्या लोकांना वाटलं, कोणी मोठा नेता चाललाय. चारजण धावत आले आणि त्यांनी त्या चार बोटांच्या फटीतून बंद हातपंपाचं निवेदन आत सरकवलं.

भैयासाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "दिखवाते हैं."

लोकांनी जयजयकार केला. पलीकडच्या गाडीतून हंबीररावांनीही हात हलवला. माधवीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

घाटाबिल्लोदला धारची हद्द लागली. पुन्हा उतरणं, पुन्हा मुजरा. आता पुढची जागा भैयासाहेबांची, कारण आता पाहुणे ते. माधवी मामांच्या गाडीत गेली. मामा घामाने थबथबले होते, पण चेहऱ्यावर सणासारखा आनंद होता.

"मामासाहेब, खरं सांगा, मजा येतेय ना?"

"माधवी, तुझ्या आईच्या लग्नानंतर इतकी मजा आजच," हंबीरराव म्हणाले आणि बत्तिसाचा वेग तीस केला.

धारच्या पंपावर पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. दोन्ही नळ्या एकाच वेळी दोन्ही टाक्यांत गेल्या, कारण आधी कोणी भरायचं ह्यावर बोलणं सुरू होण्याआधीच माधवीने पंपवाल्याला ओरडून सांगितलं. आकडे फिरले, थांबले. आठ लिटर. दुसरीकडेही आठ लिटर. थेंबाचाही फरक नाही. साडेबाराचा अ‍ॅव्हरेज, देशीचाही आणि परदेशीचाही.

"एवढा तर आमचा ट्रॅक्टर देतो," पंपवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दोघेही मोडले नाहीत. हंबीररावांच्या घरी दाल-बाफले वाढले गेले आणि तुपाची धार धरून हंबीरराव म्हणाले, "बरोबरी म्हणजे निकाल नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा."

"पुन्हा," भैयासाहेब म्हणाले. "या खेपेस रतलामकडून."

माधवीच्या घशात बाफला अडकला. "आबासाहेब, आज पाच वाजता गाडी दाखवायची आहे. आज!"

"अगं, पण निकाल लागल्याशिवाय गाडी कोणती दाखवणार?" भैयासाहेबांनी अगदी मायेने विचारलं.

ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि अंगणात आली. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या कोनाड्यात होत्या. तिने दोन्ही उचलल्या. महिनाभर ऐकलेलं सगळं तिला आठवलं. टॉर्क, मजबुती, सुटे भाग, जपानी शिस्त, देशाभिमान. मग तिने समोर पाहिलं. पाहुण्याची गाडी मानाने आधी आत घेतली होती, अगदी तुळशीपर्यंत. यजमानाची तिच्या मागे, फाटकात. आतली काढायला आधी बाहेरची काढावी लागली असती. बाहेरची काढायला काहीच काढावं लागत नव्हतं.

देशी का परदेशी, हा प्रश्न अशा रीतीने फाटकाने सोडवला.

"मामासाहेब, तुमची गाडी सावलीत लावते!"

"लाव, लाव," आतून आवाज आला.

सावली धारमध्येही होती. माधवीला सोनकच्छची जास्त आवडली.

तिने एसी पूर्ण लावला. घाटाबिल्लोदला थांबून कोणाची प्रकृती विचारली नाही. बायपासवर सात ट्रक, दोन बसेस आणि एक खरोखरचा नेता मागे टाकला. मे महिन्याची काळी, नांगरलेली शेतं दोन्ही बाजूंना पसरली होती आणि ती मोठ्याने, बेसूर, सगळी कडवी चुकवत गात होती. देवासला, घरच्या रस्त्याच्या फाट्यावर तिने आईसाठी एक भोंगा दिला. लतिकाबाईंना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांनी ऐकला असं त्या आजही सांगतात.

पाचला आठ मिनिटं कमी असताना गाडी दूध संघाच्या दारात उभी राहिली.

अधिकारी तिच्याच वयाचा निघाला, अंशुल नावाचा. घरची भाषा मराठी, शाळा हिंदी. तो फॉर्म घेऊन बाहेर आला.

"गाडी देशी आहे," माधवी धापा टाकत म्हणाली. "पण इंजिनाचं डिझाइन—"

"ते कॉलम नाहीये मॅडम." अंशुल गाडीभोवती फिरला, बोटाने मोजत. "एक, दोन, तीन, चार. बराबर. आणि ही कोणाच्या नावावर?"

"मामांच्या."

"मग त्यांची परमिशन लागेल न. फोन लावा, स्पीकरवर."

माधवीने फोन लावून त्याच्या हातात दिला. हंबीररावांनी उचलला. मागे भैयासाहेबांचा आवाज येत होता. विषय कार्ब्युरेटर होता.

"मामासाहेब, मी सोनकच्छला आहे. तुमच्या गाडीत."

हंबीरराव अगदी हळू म्हणाले, "म्हणजे... देशी पोचली?"

"पोचली."

"दाजीसाहेब! देशी पोचली!" असा आवाज झाला की अंशुलने फोन हातभर लांब धरला. "लिहून घ्या साहेब! भाचीला दिली! कायमची दिली!"

"आमची आत अडकली होती म्हणून!" मागून भैयासाहेब ओरडत होते. "मानाने अडकली होती! लिहून घ्या तेही!"

"ते कॉलम नाहीये," अंशुल म्हणाला आणि शिक्का मारला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि जरा ओशाळून विचारलं, "मॅडम, जॉइनिंग तर उद्यापासून आहे, पण इथून सहा किलोमीटरवर एक म्हैस सकाळपासून अडली आहे. जाल का?"

ती गेली.

सहाच्या सुमाराला, गोठ्यात, माधवी गुडघे टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत दिसत नव्हता. फोन वाजला. म्हशीच्या मालकाने तो उचलून आदराने तिच्या कानाशी धरला.

"माधवी, एकच सांग," हंबीरराव म्हणाले. "अ‍ॅव्हरेज किती दिला?"

"मामासाहेब, माझा हात आत आहे."

"कशाच्या आत?"

"म्हशीच्या."

म्हशीने जोर केला. माधवीने बोटांत दोन निसरडे खूर पकडले, दात आवळले आणि ओढलं, आणि पारडी बाहेर आली, ओली, काळीभोर, आल्या आल्या लाथ झाडत.

"काय झालं?" फोनमधून भैयासाहेबांनी घाबरत विचारलं.

"पारडी," माधवी म्हणाली, आणि हसू लागली, आणि तिला ते थांबवता येईना.