रोजचं एक पान

"म्हणजे अकरा वर्षं आम्ही शाळकरी पोरांसारख्या बेरजा-वजाबाक्या केल्या, त्या पाण्यात गेल्या म्हणा की!" मागच्या रांगेतून इवाकिची म्हातारा ओरडला आणि सभागृहात हशा पिकला.

हिराइवा मास्तर हातात कागद धरून पुढे उभे होते. तेही थोडे हसले. हसायची जागा होती म्हणून.

"पाण्यात गेल्या असं नाही," ते म्हणाले. "रोज गणितं सोडवल्यानं म्हातारपणीचं विसरणं टळत नाही, एवढं तरी कळलं."

"ते माझ्या बायकोनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं! आणि तिला विद्यापीठही लागलं नाही."

पुन्हा हशा. मास्तरांनी मान लववली आणि उरलेला परिच्छेद वाचला.

हिराइवा डॉक्टर नव्हते. एकतीस वर्षं ते वैद्यकीय विद्यापीठात साधे व्याख्याते म्हणून संख्याशास्त्र शिकवत आले होते. एखाद्या उपायाचा खरंच गुण येतो की तो नुसता योगायोग, हे आकड्यांवरून ठरवून द्यायचं, हे त्यांचं काम. डॉक्टरांच्या शोधनिबंधांवर त्यांचं नाव पाचवं नाहीतर सहावं असायचं. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काम एकच. हामानासे आणि त्याच्या आजूबाजूची आठ कोळीगावं, तिथली सहाशे अठरा म्हातारी माणसं. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटानं रोज सकाळी तीस गणितांचं एक पान सोडवायचं, दुसऱ्यानं नुसतं आरोग्याचं पत्रक वाचायचं. डोकं चालतं ठेवलं तर ते शाबूत राहील, अशी मास्तरांची कल्पना. कल्पना कसली, श्रद्धाच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हिशेब हाती आला. पानं सोडवणाऱ्यांपैकी एकसष्ट जणांची स्मृती गेली होती, न सोडवणाऱ्यांपैकी एकोणसाठ जणांची. मास्तरांनी तीनदा पडताळून पाहिलं. मग डबा उघडून भाताचा गोळा खाल्ला, आतल्या आंबट फळाची बी कागदात नीट गुंडाळली. आता आत काहीतरी ढासळेल, म्हणून ते वाट पाहत बसले. काहीच ढासळलं नाही. दोन वाजता तास होता, त्या तासाला गेले.

विभागप्रमुख सेगावांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "हिशेबात फक्त बायका घे. त्यातही पंचाहत्तरीच्या आतल्या. तिथं फरक दिसतोय."

"दिसतोय, सर. पण तसं बघायचं आधी ठरलं नव्हतं."

"हिराइवा, दोन वर्षांनी निवृत्त होशील. प्राध्यापक म्हणून व्हायचंय, की असाच?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "असाच, बहुतेक," ते म्हणाले.

निबंध एका लहानशा नियतकालिकात छापून आला. प्राध्यापकाची जागा त्यांच्याच एका विद्यार्थ्याला मिळाली. मास्तरांनी त्याचं अभिनंदन केलं, मेजवानीला गेले, सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग ज्या माणसांनी पानं सोडवली त्यांना निकाल स्वतः जाऊन सांगायचा, एवढं एकच काम उरलं. नऊ गावं होती. हामानासे शेवटचं.

सभागृह रिकामं झालं. मास्तर दाराशी वाकून बूट चढवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ मास्तर, तुमची बस साडेचारची ना? इथं थंडीत काकडत बसण्यापेक्षा घरी चला. चहा टाकते."

ती तोमे होती. वय चौऱ्याऐंशी. यादीत दोनशे तेरा. दोनशे चौदा तिचा नवरा यासाकु, दोन वर्षांपूर्वी वारलेला. मास्तरांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

घरात रॉकेलची शेगडी पेटलेली होती. भिंतीशी पितरांचं कपाट, त्यात यासाकुचा फोटो आणि पुढ्यात वाटीभर भात. तोमेनं चहा ओतला, मुळ्याचं लोणचं पुढं सरकवलं आणि समोर बसली.

"एक सांगू? रागवायचं नाही."

"सांगा ना, काकू."

"शेवटची चार वर्षं ह्यांची पानं मी सोडवली."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"ह्यांना आकडेच ओळखू येईनात. साताला कोयता म्हणायचे. पण सकाळ झाली की पेन्सिल मागायचे हो! द्यायची मी. गिरगटत बसायचे. आता तसलं पान, गोळा करायला येणाऱ्या नर्सबाईंच्या हातात कसं द्यायचं? मास्तरांचं काम अडेल, असं वाटायचं. मग दुपारी दुसरं कोरं पान घ्यायची आणि करायची. दोन-तीन चुका मुद्दाम ठेवायची. ह्यांच्या व्हायच्याच तेवढ्या, धड असताना."

मास्तरांच्या डोक्यात सवयीनं हिशेब सुरू झाला. चार वर्षं, म्हणजे चौदाशेच्या वर पानं खोटी. पण वर्षाची तपासणी नर्स स्वतः करायची, तेव्हा यासाकु त्या एकसष्टांत आधीच धरलेला होता. चिठ्ठीनं ठरलेला गटही बदलत नव्हता. निकाल होता तोच.

"काही फरक पडत नाही, काकू," ते म्हणाले. "खरंच नाही पडत."

"ते तर तुम्ही मघाशी सगळ्यांसमोरच सांगितलंत," तोमे म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं त्यांचा कप पुन्हा भरला. मग कपाटाकडे बघून म्हणाली, "ह्यांनाही सांगा की. गावाला सांगितलंत, मग ह्यांचंच कशाला राहावं? पहिली सात वर्षं तर ह्यांनी स्वतः केलीत."

 मास्तरांनी खिशातून कागद काढला, गुडघे मोडून कपाटासमोर बसले आणि त्याची घडी उलगडली. फोटोतला माणूस टोपी घालून, उन्हामुळे डोळे बारीक करून बघत होता.

"या अभ्यासात एकूण सहाशे अठरा जणांनी भाग घेतला," ते वाचू लागले. "पान सोडवणाऱ्या गटातील एकसष्ट जणांची..."

त्यांनी बोटानं ओळ धरून ठेवली.

"जरा मोठ्यानं, मास्तर," मागून तोमे म्हणाली. "डाव्या कानानं कमी ऐकू यायचं ह्यांना."

मास्तर फोटोतल्या माणसाच्या उजव्या कानाच्या बाजूला थोडे सरकून बसले. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.