उंबऱ्यावर ठोकलेलं नाणं

“काहून वो बाई, पैशाले नजर लावून रायली का?” भगवानराव गादीवरूनच म्हणाला. दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

उंबऱ्याबाहेर उभी असलेली सत्यशीला हसली नाही. कडेवरचं पोर तिनं वर सरकवलं आणि नुकत्याच मिळालेल्या सुट्ट्यातला नवा पैसा उजेडाकडे धरला. गेल्या बाजारापासून हातात येईल ते नाणं ती असंच उलटूनपालटून पाहत होती.

गेल्या बाजारी तिच्या सासूनं, भागीरथेनं, याच दुकानात गोड्या तेलासाठी दहा नव्या पैशांचं एक नाणं दिलं होतं. त्याच्या एका अंगाला सिंह नीट उठून आलेले. दुसऱ्या अंगाला तेच सिंह उलटे, आत दबलेले. दहाचा आकडा कुठंच नव्हता. भागीरथेची वस्ती नुकतीच बौद्ध झालेली. भगवानरावानं ते नाणं चार माणसांत फिरवलं. “नवा धर्म, नवा पैसा! घरीच पाडता काय वं भागीरथे?” आणि खोटं नाणं ठोकायची रीत, म्हणून खिळा मारून उंबऱ्यावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं तुडवावं म्हणून. तेव्हापासून म्हातारीला कापूस वेचायला कुणी बोलावलं नव्हतं. उद्या हे पोर शाळेत जाईल, तेव्हा या मारेगावची पोरं त्याला काय म्हणून हाक मारतील, हा विचार सत्यशीलेच्या डोक्यातून जात नव्हता. भीती आता संपली होती. उरला होता तो संताप.

“हा तुमच्या गल्ल्यातला,” तिनं पैसा पुढं केला. “शिक्का एका बाजूला सरकला, अर्धं अंग कोरं. मारा याले खिळा.”

भगवानरावानं निरखून पाहिलं. “अवं, हा तं टकसाळीतूनच चुकून आला. होते असं कधीमधी.”

“तुमचा टकसाळीत चुकला, अन् आमचा आमच्या चुलीवर?”

तिनं तो पैसा गिऱ्हाइकांकडे फिरवून दाखवला.

“खोटं पाडणारा हुबेहूब पाडन. आकडाच विसरन काय? आधीचं नाणं साच्यात चिकटून राह्यलं, त्याच्यावर दुसरं दाबलं गेलं, म्हणून सिंह उलटे उमटले. चूक सरकारची. नाव आमचं खराब.”

ती वळली. तेलाची बरणी घेऊन बबनराव उभे होते. म्हातारी त्यांच्याच वावरात वेचायला जायची. त्या दिवशीही ते इथंच होते, आणि गप्प होते.

“काका, मजुरीत ते नाणं आत्याबाईले कोणी देल्लं होतं?”

बबनरावांनी बरणी या हातातून त्या हातात घेतली. “माह्याच हातचं असन,” ते खाली पाहत म्हणाले.

“मग काकालेबी विचारा, भगवानराव. घरीच पाडता काय म्हणा.”

“जाऊ दे ना बाई. बदलून देतो तुले.”

“बदलून नको. काढा ते.”

“रातच्याले दुकान वाढवलं की काढतो.”

“ठोकलं तवा सारा बाजार पाहत होता. आत्ता काढा.”

“गोविंदा, सांडशी आण रे,” भगवानराव नोकराला ओरडला.

“त्यानं नाही ठोकलं,” सत्यशीला म्हणाली.

भगवानराव गादीवरून उतरला. धोतर सावरत, सांडशी घेऊन उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. खिळा सहजी निघेना. तो घामानं निथळला. कुणी पुढं झालं नाही. शेवटी लाकूड करकरलं, खिळा उपटून आला आणि भोक पडलेलं नाणं त्याच्या चिमटीत राहिलं. त्यानं ते उंच धरलं. सत्यशीलेच्या वस्तीतल्या माणसांच्या ओंजळीत तो पैसे नेहमी वरूनच टाकायचा, हात लागू नये म्हणून.

सत्यशीलेनं तळहात वर, थेट त्याच्या हाताशी नेला.

“हातात द्या.”

त्याचा हात तिथंच अडला. बाहेर रस्त्यावर पदर तोंडाशी धरून भागीरथा उभी होती. “चाल वो माय,” ती म्हणाली, “झालं आता. भेटलं आपलं.”

“नाही भेटलं, आत्याबाई.”

पोर तिच्या खांद्याशी कुरकुरलं. आत गिऱ्हाइकं खोळंबली होती. उंबरा ओलांडायला कुणी धजत नव्हतं. तिचा तळहात तसाच होता, उघडा, त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर.