जाळ्यांची खोली

आमच्या घरात माणसांपेक्षा जाळ्यांचा मान मोठा. सोफ्यामागे जाळी, पलंगाखाली दोरखंड, माळ्यावर जाळी तरंगवायचे बोये. लग्न होऊन बेव्हर्ली पार्कमधल्या फ्लॅटमधून तारोडी गावात आले तेव्हा समुद्राकाठी राहायला मिळणार म्हणून मी हुरळून गेले होते. समुद्राचा अर्धा संसार आपल्याच घरात असणार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बरं, होडी असती तर एक वेळ समजलं असतं. ती तीन वर्षांपूर्वीच विकली होती. सासऱ्यांचे गुडघे गेले आणि नीरज, माझा नवरा, अंधेरीला नोकरीला. होडी नेणार कोण? पण बाबांनी 'चंद्रावती' विकली ती एका अटीवर. घेणाऱ्याने तिला पाण्यातच ठेवायची, मोडायची नाही. चंद्रावती हे त्यांच्या आईचं नाव. जाळी मात्र त्यांनी दिली नाहीत. "तिला कवा गरज लागली तं?" म्हणायचे, लेक सासरी नांदतेय आणि उद्या माहेरी काही मागायला येईल अशा थाटात.

दर नारळी पौर्णिमेला ते परसातल्या माडाचा नारळ नीरजच्या हाती द्यायचे आणि त्याला वसईपलीकडच्या बंदरावर धाडायचे. होडीपुढे नारळ फोडून नीरज अर्धं खोबरं प्रसाद म्हणून परत आणायचा.

"कशी हाय ती?" बाबा दारातच विचारायचे.

"मस्त आहे. नवीन रंग दिलाय, बाबा."

मग दिवसभर स्वारी खुशीत. त्या खोबऱ्याच्या वड्या मी करायचे आणि आळीभर वाटायचे.

या मे महिन्यात मात्र मी हट्टालाच पेटले. पावसाआधी परसात शेड बांधायची आणि सगळी जाळी तिथे न्यायची. बाबा लगेच तयार झाले. "हां, तिचा सामान नीट ऱ्हायल," म्हणाले. नीरजला मी विचारलंच नाही. त्याचं प्रत्येक गोष्टीत 'बघू' असतं, आणि त्या 'बघू'त दोन पावसाळे जातात. हाटकेश भागातल्या एका भंगारवाल्याकडे जाऊन जुनं सागवान मीच पसंत केलं.

रविवारी सकाळी टेम्पो आला. "मॅडम, एकदम असली माल. पानी में भी नहीं सडेगा," ड्रायव्हर म्हणाला. फळ्यांवर निळ्या रंगाचे पोपडे होते. एकीवर पिवळी अक्षरं उरली होती, 'वती'. असेल कोणी पार्वती नाहीतर भगवती, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर धर्माजी सुतार करवत काढत होता आणि बाबा फळ्यांशेजारी बसून हात फिरवत होते. मी त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी तो सवयीने फळीवर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून जमिनीवर ठेवला. त्यांचा हात एका पत्र्याच्या ठिगळावर थांबला होता.

"धर्माजी, करवत खाली ठेव."

"काय झालं, बाबा?" मी विचारलं.

"ह्या ठिगल मीनी मारलाय. ही माजी होरी हाय."

"असं कसं होईल? गेल्या नारळी पौर्णिमेला तर नीरज..."

टेम्पोवाला मध्येच बोलला, "अंकल, ये तो तीन साल से हमारे यहाँ पडा है. कोई लेता ही नहीं था."

नीरज दात घासत मागच्या दारात आला होता. त्याने फळ्या बघितल्या आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. त्याचं तोंड बघून मला सगळं कळलं. या माणसाबरोबर मी राहते?

"तू तं तिला भेटून यायचास," बाबा म्हणाले.

नीरजने चूळ भरली. "पहिल्याच वर्षी गेलो तेव्हा कळलं, बाबा. त्यांना फक्त इंजिन हवं होतं. महिन्याभरात मोडली तिला. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. पण अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मंग आमी खोबरा कोनाचा खाल्ला?"

"खाडीच्या पुलावर, कठड्यावर फोडायचो. अर्धं तिथेच टाकून यायचो."

तीन वर्षं मी त्याच खोबऱ्यात साखर आणि वेलची घालत होते. देवापुढे ठेवत होते.

एवढा वेळ दारात उभ्या असलेल्या सासूबाई आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. नीरजच्या हातात दिला. "फोड. तिच्यावर फोड, आमच्या म्होरं."

"आई, आता कशाला..."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नेहमी मध्ये पडते, म्हणून.

"माझ्याकडे काय बघतोस? फोड म्हणतायत ना!"

दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला. पाणी पिवळ्या अक्षरांवरून मातीत गेलं. बाबांनी डोळे मिटून हात जोडले. नीरजने एका भकलातून खोबरं काढलं आणि ओल्या हाताने त्यांच्यापुढे धरलं.

बाबांचे हात जोडलेलेच राहिले. मग त्याने ते माझ्यापुढे धरलं. मीही घेतलं नाही.