चैत्रगौरीचं बोलावणं

अकरा वर्षं नीरजा आणि मी रोज सकाळी सहाला मल्लेश्वरमच्या रस्त्यांवरून फिरलो. चैत्रात फुटपाथवरच्या जांभळ्या फुलांचा सडा चुकवत, सुनांच्या कागाळ्या करत, शेवटी कोपऱ्यावरची बाय-टू कॉफी, एकच कॉफी दोघींत अर्धी-अर्धी. दुपारी चारला ती माझ्याकडे यायची. मी विणायची, ती मोठ्याने वाचायची. टाके मोजायला मी बोट वर केलं की ती वाक्याच्या मध्येच थांबायची. याहून मोठं सुख मला आयुष्यात मिळालं नाही, नवऱ्यासमोरही सांगेन.

पौषात तिचे त्रिविक्रमराव गेले. पंधरा दिवसांत मीच तिला ओढून बाहेर काढलं. "घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस का?" म्हणून दरडावलं. मैत्रीण असावी तर अशी, असं सगळे म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

मग चैत्रगौर आली. दरवर्षी आंब्याची डाळ आम्ही दोघी मिळून करायचो. कैरी किसायची ती, फोडणी माझी. यंदा हळदीकुंकवाला मी तिला बोलावलंच नाही. बोलावून कुंकू लावलं नसतं तर तिला लागलं असतं, आणि लावलं असतं तर आमच्यातल्या बायकांनी ते वर्षभर चघळलं असतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? संध्याकाळी सगळ्या गेल्यावर डाळीचा डबा कामवाल्या चंद्राबाईच्या हाती तिच्याकडे पाठवला. वर स्वतःच्या समजूतदारपणावर खूष झाले.

दुसऱ्या दिवशी ती फिरायला आली नाही. तिसऱ्याही नाही. फोन केला तर म्हणाली, "स्वल्प काम आहे अक्का." आठ दिवस मी एकटीच चालले. अख्खी कॉफी मागवली, ती संपेना. दुपारी पुस्तक उघडलं तर सुया पडून राहायच्या, सुया घेतल्या तर घर मुकं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं म्हणून चिडूनही पाहिलं. नवव्या दिवशी मुकाट्याने तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "उद्यापासून फिरायला ये."

तिने दार अर्धंच उघडलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं; ती रागावलेली नव्हती.

"येते की अक्का. सहालाच ना?"

"सहालाच."

"सकाळी सकाळी पहिलं माझं तोंड बघायला चालेल ना तुम्हाला?"

सोमवारी ह्यांची अँजिओप्लास्टी होती. ते नेमकं त्याच क्षणी का आठवावं, देव जाणे. "काहीतरीच काय बोलतेस," असं मी म्हणाले. म्हणाले, पण एक श्वास उशिरा.

"बरं, सरी अक्का," ती म्हणाली आणि तिने हळूच दार लावून घेतलं.