अट क्रमांक सात

वकीलबाई ताईंची शाळेपासूनची मैत्रीण. त्या दिवशी मात्र ती मैत्रीण म्हणून आली नव्हती. ताईंच्या खुर्च्यांच्या कारखान्यातल्या भुशानं भरलेल्या बाकावर रुमाल अंथरून ती बसली आणि तिनं पिशवीतून नवा कायदा काढला.

"तुझ्या करारपत्रात ती सातवी अट आहे ना? नोकरी सोडल्यावर पाच वर्षं या शहरात खुर्च्या करायच्या नाहीत म्हणून? ती आता रद्द."

"ठीक आहे, रद्द तर रद्द. मी कुणाला सांगायला जात नाही," ताई म्हणाल्या.

"सांगायलाच लागेल, बाई. महिन्याभरात. प्रत्येकाला वेगळं, लेखी. जे आहेत त्यांना आणि जे सोडून गेले त्यांनाही."

ताईंनी तो कागद परत तिच्याकडे सरकवला. "म्हणजे मीच माझ्या माणसांना दार दाखवायचं?"

"दार दाखवू नकोस गं. दाराला कुलूप नाही, एवढंच सांग."

कारखान्यात माणसं नऊ. सोडून कुणीच गेलेलं नव्हतं. पण ताईंच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला, मुख्य कारागीर उस्ताद. खिळा न ठोकता दोन लाकडं अशी सांधायचे की नखाला फट लागू नये. गिऱ्हाईक यायचं ताईंच्या दुकानात, पण बोट दाखवायचं ते उस्तादांनी केलेल्या खुर्चीकडे.

गंमत म्हणजे ती अट ताईंनी स्वतः लिहिलेलीच नव्हती. आठ वर्षांपूर्वी त्या दादाच्या, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाच्या कारखान्यात नोकरीला होत्या. तिथे फक्त डोलखुर्च्या होत. खुर्चीची पाठ किती उंच असावी यावरून बहीणभावांत एक दिवस जोराचं वाजलं आणि ताई तडक बाहेर पडल्या. दादानं करारपत्र पुढे केलं, सातव्या अटीवर बोट ठेवलं: दहा वर्षं डोलखुर्ची करायची नाही. ताई घरी जाऊन पोटभर रडल्या. पण स्वतःचा कारखाना काढल्यावर करारपत्र हवं होतं, तेव्हा त्यांनी तोच कागद समोर ठेवला आणि तीच अट उतरवून काढली; फक्त दहाच्या जागी पाच वर्षं आणि डोलखुर्चीच्या जागी या शहरातल्या सगळ्याच खुर्च्या केल्या. त्यात वावगं काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

डोलखुर्ची मागायला कुणी आलंच तर त्या म्हणायच्या, "आमच्याकडे खुर्च्या एका जागी बसतात." लोकांना तो विनोद वाटायचा.

नऊ पत्रं छापून आली. ताईंनी ती खणात टाकली. पहिल्या आठवड्यात त्यांना त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली. दुसऱ्यात शाळेची मोठी मागणी आली. तिसऱ्यात त्यांनी वकीलबाईचा फोनच उचलला नाही. उस्ताद समोर आले की त्या उगाच रंधा उचलून त्याची धार बघत.

चौथ्या आठवड्यात पोस्टमननं सही घेऊन एक पाकीट दिलं. वर दादाच्या कारखान्याचा शिक्का. ताईंनी ते उभ्या उभ्याच फोडलं.

'माजी कर्मचारी यांस,' आत छापलं होतं, 'आपल्या करारातील अट क्रमांक सात यापुढे लागू नाही. आपण हे काम कुठेही करण्यास मोकळ्या आहात.' खाली सही. आणि सहीखाली पेननं, त्याच जुन्या तिरक्या अक्षरात:

'वरचं कायद्यानं लिहायला लावलं. हे नाही. पाठ आणखी चार बोटं उंच हवी, असं तू म्हणत होतीस. गेली सहा वर्षं मी तशीच करतोय. दादा.'

ताई बाकावर बसल्या. आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू आलं. पॉलिशवाले काका पाणी घेऊन धावले. "ताई, काही वाईट बातमी?"

"नाही हो काका. सगळ्यांना बोलवा."

खण उघडून त्यांनी नऊच्या नऊ पत्रं हातोहात वाटली. उस्तादांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा कानस उचलली. ताईंना राहवेना.

"वाचलंत ना?"

"वाचलं."

"मग?"

उस्तादांनी कानस खाली ठेवली. "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? दोन गल्ल्या सोडून एक गाळा बघून ठेवलाय. मुलगी आणि मी मिळून काम काढणार. तुमच्याशी कसं बोलावं तेच सुचत नव्हतं."

"पण अट होती ना?"

"म्हणून टेबलं करणार होतो. नुसती टेबलं." त्यांनी असं तोंड केलं की वेत विणणाऱ्या बायका खळखळून हसल्या. "जन्मभर खुर्च्या केलेल्या माणसाला टेबल म्हणजे शिक्षाच हो."

ताईंना चटका बसला. पण आठ वर्षांपूर्वी आपण कशा अवस्थेत बाहेर पडलो होतो, तेही आठवलं. "जा," त्या म्हणाल्या, "पण जाण्याआधी माझ्याबरोबर एक डोलखुर्ची करायची."

दोघांनी चार दिवस खपून ती केली. दिसायला देखणी, पण बसलं की डावीकडे कलायची. शेवटी ताईंनी दादाला फोन लावला.

"दादा, खालच्या पट्टीला वाक किती द्यायचा?"

दादा पलीकडून खेकसला, "आठ वर्षांनी फोन केलास, आणि विचारतेस काय, तर वाक?"

"सांगतोस की ठेवू?"

"फोनवर वाक सांगतात होय? उद्या येतो. आणि तोवर खुर्चीला हात लावू नका!"

दादा सकाळी आला तो पट्टी वाकवायचा लाकडी फर्मा काखेत मारूनच. बहिणीकडे धड बघितलंही नाही, थेट खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. दुपारपर्यंत दादा, ताई आणि उस्ताद तिघंही त्या पट्टीवरून तावातावानं भांडत होते. वकीलबाई चुकून डोकावली आणि आल्या पावली परत गेली. संध्याकाळी खुर्ची सरळ डोलायला लागली.

तीन महिन्यांनी उस्तादांनी गाळा उघडला. पहिल्याच वर्षात त्यांनी वाचनालयाची मागणी ताईंच्या नाकासमोरून उचलली. ताई दोन दिवस फुरंगटून बसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र, सांधे कसे केलेत ते बघायला, त्या स्वतःच दोन गल्ल्या ओलांडून गेल्या.